हिंगणघाटचा सरवा

वर्ध्याचा प्राध्यापक म्हणून परगावी कुणी माझी ओळख करून दिली, की समोरचा गृहस्थ आधी हात जोडतो आणि मग माझ्या कपड्यांकडे पाहतो. सेवाग्राम, पवनार, चरखा, सायंप्रार्थना असे सारे त्याच्या डोळ्यांपुढून सरकत असते आणि माझ्या अंगावरचा टेरिकॉटचा सदरा काही त्या चित्रात बसत नाही. त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? १९३६ साली गांधीजी सेगावात राहायला आले, पुढे त्या सेगावचे सेवाग्राम झाले, आणि तेव्हापासून आमच्या जिल्ह्याने शांततेचा जणू मक्ताच घेतला. पवनारला धाम नदी खडकांवरून वाहते, तीसुद्धा हलक्या आवाजात. जिल्ह्यात दारूबंदी आहे. पाहुण्याला निरोप देताना आम्ही गोरसपाकाचा पुडा हाती ठेवतो. तो खाताना जो कुरकुर आवाज होतो, तेवढाच काय तो आमचा गोंगाट.

अशा जिल्ह्यात राहून, ज्ञानेश्वरी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने पुढील कबुली देणे जरा धाडसाचेच आहे. मला हेवी मेटल नावाचे संगीत आवडते. शब्दशः पाहिले तर याचा अर्थ 'जड धातू' असा होतो. "आमच्या ह्यांना जड धातूंचा नाद आहे," असे माझ्या पत्नीने एकदा शेजारणीला सांगितले, तेव्हा त्या भल्या बाईने ताबडतोब एका होमिओपॅथीच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. ज्यांनी हे संगीत ऐकले नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की विजेवर चालणाऱ्या गिटारी त्यात मुद्दाम घोगऱ्या केलेल्या असतात, ढोलवाला हातांबरोबर पायांनीही बडवीत असतो, आणि गायक असा गातो की जणू त्याची गाडी फलाटावरून सुटली आहे. आपल्या घरातील कुणा मुलाच्या खोलीचे दार बंद असताना भिंत थरथरत असेल, तर आतमध्ये बहुधा तेच चालू आहे असे समजावे.

या संगीताची तरफदारी करावी म्हणून मी हे लिहीत नाही. २०२५च्या दसऱ्यानंतर चार दिवस मी हिंगणघाटला जाऊन आलो, त्या प्रवासाची ही हकीकत आहे. मात्र त्या हकीकतीत हे संगीत पदोपदी येणार, आणि तेही नावाजलेले नव्हे. कुणी फारसे न विचारलेले.

आमचे मूळ बिऱ्हाड हिंगणघाटचे. वरोऱ्याच्या कोळशासाठी इंग्रजांनी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा काढला, त्यावर हे गाव लागते. वणा नदीच्या काठचा कापसाचा बाजार जुना आणि नामांकित. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे कापडाची गिरणी निघाली आणि गावाला भोंग्यावर उठायची सवय लागली. माझे वडील अशाच एका गिरणीत मागखात्यात होते. मागखाते म्हणजे काय हे ज्याने पाहिले नाही, त्याला कसे सांगावे? एक माग चालू असला तर धोटा मिनिटाला पावणेदोनशे-दोनशे वेळा ताण्यातून इकडून तिकडे फेकला जातो, आणि प्रत्येक वेळी पिकर त्याला काडकन ठोकतो. असे शेकडो माग एका छपराखाली. तेथे माणसे बोलत नाहीत. हातांनी खुणा करतात आणि एकमेकांचे ओठ वाचतात. बाबांनी तेथे सदतीस वर्षे काढली आणि त्या वर्षांच्या बदल्यात कान देऊन टाकले. घरी ते आवाज चढवून बोलत. आम्हा मुलांना वाटे की बाबा सदा रागावलेलेच असतात. ते रागावलेले नसत. त्यांना आपला स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे, हे समजायला मला चाळिशी गाठावी लागली.

माझा थोरला भाऊ नागपूरला तंत्रनिकेतनात शिकत होता. दर शनिवारी तो येई तेव्हा पिशवीत मळके कपडे आणि त्यांच्या घडीत दोन-तीन कॅसेटी असत. सीताबर्डीवरच्या एका दुकानात पैसे दिले की कोऱ्या कॅसेटवर हवा तो अल्बम भरून मिळे. दादा त्याच्या सुवाच्य अक्षरात वर नावे लिही आणि मला समोर बसवून ऐकवी. मी तेव्हा नुकताच बी.ए.ला गेलो होतो. केशवसुत वाचल्यामुळे जगातील सारे काव्य आपल्याला कळले अशी माझी समजूत होती. "हा आवाज आहे, संगीत नव्हे," असे मी ऐटीत म्हणे, आणि तो खोलीबाहेर गेला की गुपचूप तीच कॅसेट पुन्हा लावीत असे.

१९९६ साली व्हायचे ते झाले. बाबा रातपाळी करून सकाळी आठला येऊन झोपले होते. गिरणीचे दिवस वाईट चालले होते, पगार वेळेवर होत नव्हता. दादाने परीक्षेच्या फीच्या पैशांतून कॅसेटी आणल्याचे आदल्याच रात्री उघड झाले होते. आणि नेमक्या त्या सकाळी त्याने टेपरेकॉर्डर लावला. बाबा उठले, आत आले, यंत्रातली कॅसेट काढली आणि तिच्यातली फीत बोटाला गुंडाळून ओढली. हातभर तपकिरी फीत जमिनीवर पडली, मग तुटली. आई दारात उभी होती. कुणीच काही बोलले नाही. दादाने परीक्षा दिली, पुण्याला मोटारीच्या कारखान्यात नोकरी धरली, आणि तेव्हापासून बाबांचे व त्याचे बोलणे "पैसे पोचले का?" आणि "पोचले" या दोन वाक्यांवर आले. आई होती तोवर ती मध्ये पूल होती. ती गेल्यावर पूलही गेला.

आता बाबा ऐंशीच्या घरात आहेत. हिंगणघाटच्या घरात एकटे राहणे त्यांना झेपेना, म्हणून ते घर आवरून त्यांना वर्ध्याला आणावे, या कामासाठी मी निघालो होतो.

वर्ध्याच्या बसस्थानकावर सकाळची एस.टी. मिळाली. खिडकीजवळची जागा मिळाली हे त्याहून मोठे भाग्य. वर्धा हे शहर तसे पोरवयाचे. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी ते आखून वसवले, म्हणून रस्ते सरळ आहेत. गाव संपले की लगेच काळी जमीन सुरू होते. वायगाव लागले. शेजारच्या प्रवाशाने हळदीची चौकशी केली, तेव्हा त्याला सांगावे लागले की हे निपाणीचे वायगाव. हळदीचे वायगाव ते समुद्रपूर तालुक्यातले. एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दोन गावे असली की एकाचे नाव होते आणि दुसऱ्याला आयुष्यभर खुलासे करावे लागतात.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस नुकता फुटू लागला होता. कुठे सीतादही होऊन पहिली वेचणी सुरू झाली होती. तुरी हिरव्यागार उभ्या होत्या. सोयाबीन मात्र निघून गेले होते, आणि त्या मोकळ्या वावरांत बायका-पोरे ओणवी होऊन काहीतरी वेचीत होती. त्यांच्या ओट्यांत शेंगा होत्या. याला आमच्याकडे सरवा वेचणे म्हणतात. पीक कापून नेले, मळणी झाली, मालक घरी गेला, की जे मागे पडून राहते तो सरवा. तो वेचणाऱ्याचा. त्याला भाव कमी मिळतो असे नाही. दाणा तोच असतो. फक्त कापणाऱ्याच्या विळ्याला तो दिसलेला नसतो.

हिंगणघाट जवळ आले की पूर्वी दुरून धुराडे दिसे आणि लहानपणी ते आधी कुणाला दिसते यावर आम्ही भावंडे पैज लावीत असू. या वेळीही मी सवयीने मान उंच केली. धुराडे होते, धूर नव्हता. गिरणीचा भोंगा बंद होऊन बरीच वर्षे झाली. आमच्या गल्लीतली माणसे आता घड्याळ पाहून उठतात. फाटकापाशी बाभळी माजल्या आहेत, आणि ज्या भिंतीवर पाळ्यांच्या वेळा रंगवलेल्या असत तेथे शिकवणीवर्गाची जाहिरात आहे.

बाबा ओट्यावर बसून वाट पाहत होते. "आला का?" असे त्यांनी विचारले ते चौथ्या घरापर्यंत ऐकू गेले. कानाचे यंत्र त्यांना आम्ही घेऊन दिले आहे, पण ते डबीत असते. त्यातून नुसता पंख्याचा आवाज येतो, अशी त्यांची तक्रार आहे.

घर आवरणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नको. पहिल्याच दिवशी माळ्यावरून बुटांचे एक खोके खाली आले. वर दादाचे अक्षर. आत कॅसेटी. मी अधीरपणे चाळू लागलो आणि माझी निराशा झाली. ज्यांनी त्या वेळी आमची झोप उडवली होती, त्या साऱ्या नामवंत कॅसेटी दादाने पुण्याला नेल्या होत्या. 'पॅरानॉइड' नाही, 'मशीन हेड' नाही, 'मास्टर ऑफ पपेट्स' नाही. खोक्यात राहिल्या होत्या त्या पाच, ज्यांची या संगीताच्या वेड्यांतही फारशी चर्चा होत नाही. म्हणजे कापणी झालेली होती. माझ्या वाट्याला सरवा आला होता.

जुना टेपरेकॉर्डर कपाटात होता. त्याचा रबरी पट्टा वितळून गुळासारखा झाला होता. बाजारात घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने कुठूनसा दुसरा पट्टा काढून बसवून दिला, पैसे मात्र घेईना. "वाजते का ते मले येऊन सांगा," एवढेच म्हणाला. मग पुढील तीन संध्याकाळी, भांडी बांधून झाली की, मी एकेक कॅसेट लावीत गेलो.

पहिली होती डीप पर्पलची 'कम टेस्ट द बँड', १९७५ सालची. या मंडळींचा मुख्य गिटारवाला रिची ब्लॅकमोर सोडून गेला आणि त्याच्या जागी टॉमी बोलिन हा तरुण अमेरिकन आला. त्याच्या बोटांत निराळीच लवचीक लय आहे. काही ठिकाणी तर डोलावेसे वाटते. पण लोकांनी ती ब्लॅकमोर शोधीत ऐकली, आणि तो सापडला नाही म्हणून बाजूला ठेवली. वर्षभरात वृंद मोडला, आणि डिसेंबर १९७६ मध्ये बोलिन पंचविसाव्या वर्षी वारला. लोकप्रिय मास्तरांची बदली झाल्यावर त्यांच्या वर्गावर जो मास्तर येतो, त्याचे दुःख मला ठाऊक आहे. मुले त्याच्या तोंडाकडे पाहतात आणि मनात आधीच्याचा आवाज ऐकतात.

दुसरी आयर्न मेडनची 'द एक्स फॅक्टर', १९९५. येथेही तीच कथा. ब्रूस डिकिन्सन हा गगनभेदी गळ्याचा गायक १९९३ साली सोडून गेला होता, आणि त्याच्या जागी ब्लेझ बेली आला. याचा गळा खालच्या पट्टीतला, काळोखा. पहिलेच गाणे अकरा मिनिटांचे, आणि सुरुवात मठातल्या मंत्रपठणासारखी. ऐन विशीत मला ते कंटाळवाणे वाटले होते. या वेळी, अर्धे घर खोक्यांत बांधलेले, भिंतीवर तसबिरींचे फिकट चौकोन उरलेले, अशा खोलीत ते ऐकताना मी हलू शकलो नाही. त्या आवाजातला उदासपणा तेव्हाही तेथेच होता. तो ऐकण्याचे माझे वय झाले नव्हते. १९९९ साली डिकिन्सन परत आला आणि बेलीची पाच वर्षे लोक विसरून गेले.

तिसरी डायमंड हेड या वृंदाची १९८० सालची. स्टोअरब्रिज या इंग्लंडातल्या गावची ही पोरे. एकही मोठी कंपनी तबकडी काढायला तयार होईना, म्हणून त्यांनी ती स्वतःच काढली. चित्राला पैसे नाहीत. कोऱ्या पांढऱ्या वेष्टनातच विकली. गाणी अशी की पुढे अमेरिकेतल्या मेटालिकाने १९८४ साली त्यांतले एक वाजवले आणि जगभर ते मेटालिकाचेच झाले. आपल्याकडे कवी 'बी' यांचा 'फुलांची ओंजळ' हा संग्रह १९३४ मध्ये निघाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. पण निदान ओंजळीवर नाव तरी त्यांचेच होते.

चौथी ब्लॅक सॅबथची 'हेडलेस क्रॉस', १९८९. गायक टोनी मार्टिन. ऑझी ऑसबर्नशिवाय सॅबथ कसला, या हट्टापायी मार्टिनचे अल्बम लोकांनी टाकून दिले. पुढे तर त्यांच्या प्रतीही मिळेनाशा झाल्या. २०२४ साली त्याच्या काळातले चार अल्बम एकत्र बांधून पुन्हा काढले, तेव्हा जाणकार म्हणवणारे लोक म्हणू लागले, अरे, हे तर उत्तम होते! पस्तीस वर्षांनी. आपल्या मुंबईच्या ॲटॉमिक फॉरेस्ट या वृंदाचेही असेच झाले. त्यांची 'ऑब्सेशन ७७' ही तबकडी १९८१ साली बाहेर पडली तोवर वृंदच उरला नव्हता, आणि २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीने ती पुन्हा काढल्यावर आम्हाला कळले की हा उद्योग आपल्याकडेही झाला होता.

दादा त्या काळी म्हणत असे, "पहिल्यांदा ऐकतो ती त्या अल्बमची कीर्ती. अल्बम दुसऱ्यांदा ऐकायचा असतो." मी तेव्हा हसलो होतो. आता वर्गात जुन्या कवीची एखादी मागे पडलेली कविता शिकवताना मी हेच निराळ्या शब्दांत सांगतो आणि त्याबद्दल मला पगार मिळतो.

पाचवी कॅसेट तिसऱ्या संध्याकाळी लावली. तीही ब्लॅक सॅबथचीच. १९७५ सालची, नाव 'सॅबोटाज'. जुन्या व्यवस्थापकाशी कोर्टकचेऱ्या चालू असताना, वकिलांच्या नोटिसा घेत घेत या चौघांनी ती तयार केली. वेष्टनावरच्या छायाचित्रात त्यांच्या ढोलवाल्याने तांबडी घट्ट तुमान घातली आहे, आणि त्या तुमानीची जितकी चर्चा झाली तितकी आतल्या गाण्यांची झाली नाही.

बाबा खाटेवर बसले होते. मी काय करतो आहे ते तीन दिवस ते पाहत होते. त्यांनी खुणेने विचारले, काय लिहिले आहे? मी कानाशी जाऊन नाव सांगितले.

"सॅबोटाज?" बाबा म्हणाले. "हे तर गिरणीतलं होय. मशीन मुद्दाम बिघडवलं का नोटीस लागे. घातपात."

कारखान्याचाच शब्द तो. फ्रान्समधल्या कामगारांनी आपले लाकडी जोडे यंत्रात टाकले त्यावरून तो निघाला, असे सांगतात. मला एकदम काहीतरी सुचले आणि मी बाबांसमोर बसून, थोडे ओरडून आणि थोडे त्यांच्याच मागखात्यातल्या खुणांनी, त्यांना एक गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅम नावाचे गाव आहे. लोखंडाचे, धुराड्यांचे. तेथला टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साल. कामाचा शेवटचा दिवस; दुसऱ्या दिवसापासून तो गिटार वाजवीत हिंडणार होता. त्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटे तीच.

"मंग?" बाबांनी विचारले.

मग कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला एक तबकडी आणून ऐकवली. जँगो राइनहार्ट नावाचा वादक. आगीत हात भाजल्यावर दोनच बोटांनी तारा दाबून वाजवणारा. मुलाने साबणाच्या पाण्याची प्लॅस्टिकची बाटली वितळवली, तिची टोपणे करून बोटांवर बसवली, वर चामडे चिकटवले. जाड तारा दाबवेनात म्हणून बारीक लावल्या. पुढे त्या सैल करून सूर खाली उतरवला. त्या सैल तारांतून जो जड, घरघरता आवाज निघाला, त्यावरच हे सारे संगीत उभे राहिले. त्याच्या बरोबरचा गायक मोटारींचे भोंगे तपासायच्या कारखान्यात आणि कत्तलखान्यात काम केलेला.

बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला. करंगळीजवळच्या बोटाचे पेर वाकडे आहे. धोटा उडून लागला होता, माझ्या जन्माआधी. ते बोट आम्ही लहानपणापासून पाहत आलो, पण त्यांनी ते कधी दाखवले नव्हते.

"कारखान्यातलं पोट्टं होय म्हणजे," ते म्हणाले. "हे आधी कायले नाही सांगितलं तुमी लोकांनी?"

याला उत्तर नव्हते. मी कॅसेट सुरू केली. बाबा उठले, खुर्ची ओढून जवळ बसले आणि टेपरेकॉर्डरच्या डोक्यावर तळहात ठेवला, जसा एखादा वैद्य रोग्याच्या छातीवर ठेवतो. मागखात्यात ते असेच करीत म्हणे. कानांनी काही कळायचे नाही, म्हणून मागाच्या चौकटीवर हात ठेवून कुठे काय ढिले आहे ते ओळखायचे. तिसरे गाणे लागले. गिटारीचे एकच जड वळण धडाधड फिरू लागते असे ते गाणे. बाबांची मान हलू लागली. "हा बराबर चालते," ते म्हणाले. "पिकर घट्ट आहे."

आणि मध्येच आवाज तुटला. क्षणभर काहीच नाही, एक 'टप्प', आणि गाणे पुढे चालू. माझी छाती धडधडली. मी कॅसेट बाहेर काढून दिव्याशी धरली. फीत एका जागी जोडलेली होती. पारदर्शक चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा, कडा फितीच्या रुंदीइतक्याच कातरलेल्या, इतक्या नेमक्या की बोट फिरवले तरी लागू नये. असा सांधा दादाच्या हातून होणे नाही; आणि त्या सकाळनंतर त्याने त्या कॅसेटीला हात लावला नव्हता, हे मला माहीत होते.

मी बाबांकडे पाहिले. ते तळहाताकडे पाहत होते.

"इथंच," ते म्हणाले. "थोडी गेली. गुंता झालेली कापून टाका लागली."

तुटलेला धागा जोडणे हे त्यांचे सदतीस वर्षांचे काम. दादा पुण्याला गेल्यावर केव्हातरी, आम्ही कुणी घरी नसताना, त्यांनी ती हातभर फीत जमिनीवरून उचलून ठेवलेली काढली, आपल्याला ऐकूही न येणाऱ्या संगीताची, आणि ती जोडून, परत गुंडाळून, खोक्यात ठेवून दिली. ते कुणाला सांगितले मात्र नाही. आणि दादाने नावाजलेल्या कॅसेटी नेल्या तेव्हा ही तुटलेली आहे असे समजून मागे ठेवली. एकोणतीस वर्षे ती माळ्यावर सांधलेली पडून होती, आणि आम्ही दोघे भाऊ ती तुटल्याचीच गोष्ट स्वतःला सांगत राहिलो.

त्या वर्षीच्या जुलैत, २२ तारखेला, ऑझी ऑसबर्न वारला. त्याच महिन्याच्या ५ तारखेला बर्मिंगहॅममध्येच त्या चौघांचा शेवटचा कार्यक्रम झाला होता. त्या रात्री दादाचा मला फोन आला होता. आम्ही तासभर जुन्या कॅसेटींबद्दल बोललो आणि बाबांचा विषय दोघांनीही टाळला. आता मीच त्याला फोन लावला. काही न बोलता फोन टेपरेकॉर्डरपाशी धरला आणि ते गाणे पुन्हा लावले. 'टप्प' झाले. पलीकडे शांतता.

"कोणी जोडलं?" दादाने विचारले.

मी फोन बाबांच्या हाती दिला. फोनवरचे बाबांना मुळीच ऐकू येत नाही. दादा काय बोलला ते त्यांना कळले नाही, आणि त्यांनी ते कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाही. मागखात्यातल्या आवाजात, गल्लीला ऐकू जाईल असे, ते एवढेच म्हणाले, "दिवाळीले ये. मी वर्ध्याले राहीन." आणि फोन मला परत केला.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सामान टेम्पोने पुढे गेले. घड्याळवाल्या म्हाताऱ्याला जाऊन सांगितले, की वाजते. फाटकावरून जाताना बाबांनी रिक्षा थांबवली नाही. पण मान वळवून, रस्ता वळेपर्यंत पाहत राहिले. एस.टी.त त्यांना खिडकी दिली. बुटांचे खोके टेम्पोत टाकायला ते तयार नव्हते. मांडीवर घेऊन बसले. दोन्ही हात त्यावर.

बाहेर वावरांत सरवा वेचणाऱ्या बायका अजून होत्या. कंडक्टर तिकिटे देत आमच्यापाशी आला आणि खोक्याकडे बोट दाखवून त्याने विचारले, "काका, यात काय होय?" बाबांना ऐकू आले नाही, पण त्यांनी ओठ वाचले असावेत. त्यांनी खोके थोडे जवळ ओढले आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "लोखंड!"

कंडक्टरने खोके एका हाताने जरासे उचलून पाहिले, माझ्याकडे बघितले, आणि काही न बोलता दोन तिकिटे फाडून दिली.